बंबावर चालणारी बोट

"ताई, तू बोटीत बंब बसवलायस?"

पुण्याहून धाकट्या बहिणीनं व्हिडिओ कॉलवर हे विचारलं, तोवर मी तिला दहा मिनिटं तळ्यात चालवायच्या माझ्या छोट्या मॉडेल-बोटीचा बॉयलर समजावून सांगत होते. उभं तांब्याचं पिंप, खाली जाळ, मधून वर जाणारं धुराचं नळकांडं, भोवती पाणी. तिनं एका वाक्यात सगळं निकालात काढलं. आणि चूक काय होतं त्यात? आमच्या वाड्यात न्हाणीघराबाहेर जो बंब धुमसत असायचा तो आणि माझा हा वीतभर बॉयलर सख्खे भाऊच. फरक एवढाच की बंबातली वाफ वरच्या तोंडानं निघून जायची आणि इथे ती कोंडून ठेवायची. या 'एवढाच'मध्ये माझी पावणेदोन वर्षं गेली.

मी व्यवसायानं भूलतज्ज्ञ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदीच्या मुखाशी, ग्रिम्सबीच्या आसपास सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाले. भूल देताना पहिलं काम म्हणजे पेशंटच्या हाताच्या पाठीवर शीर शोधायची. या भागातल्या म्हाताऱ्या पुरुषांचे हात मी असे शेकड्यांनी हातात घेतले, आणि त्यांतल्या किती हातांना एखादं पेर नाहीतर अख्खं बोट कमी असायचं. कशानं गेलं विचारलं की उत्तर ठरलेलं: ट्रॉलरवर, विंचमध्ये; म्हणजे जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीवर, दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात. मराठीत बोट आणि बोट एकच शब्द आहे, बोटीनं बोट खाल्लं, हा विनोद मनात यायचा आणि सांगायला समोर कोणी नसायचं.

त्या ट्रॉलरांचं मूळ याच गावात. १८८१ साली ग्रिम्सबीच्या एका कंपनीसाठी हंबरपलीकडच्या हल बंदरात 'झोडियॅक' बांधली गेली, मुद्दाम ट्रॉलिंगसाठी बांधलेल्या पहिल्या वाफेच्या बोटींपैकी ती एक. त्याआधी शिडाची गलबतं तळाशी जाळं फरफटत न्यायची, ती वाऱ्याच्या मर्जीवर. वाफ आल्यावर वाऱ्याची वाट बघणं संपलं आणि जाळं ओढायला विंच आली. त्यातून पुढं एवढा पसारा वाढला की हे बंदर स्वतःला जगातलं सर्वांत मोठं मासेमारी बंदर म्हणवून घ्यायचं. १९७६ साली आइसलँडबरोबरचं तिसरं 'कॉड युद्ध', म्हणजे मासेमारीच्या हद्दीवरचं भांडण, संपलं, आइसलँडची २०० मैलांची हद्द मान्य करावी लागली आणि दूरच्या पाण्यातली मासेमारी बघता बघता आटली. आता इथल्या संग्रहालयात 'रॉस टायगर' उभी आहे, पण ती १९५७ची, डिझेलवरची. हेरिंग मासे पकडणारा शेवटचा वाफेचा ड्रिफ्टर बघायला मी ग्रेट यार्मथला गेले, 'लिडिया ईव्हा', १९३०ची. ड्रिफ्टर म्हणजे पडदा टांगावा तसं जाळं सोडून लाटांबरोबर वाहत राहणारी बोट, ट्रॉलर म्हणजे जाळं तळाशी ओढत नेणारी. प्रकार वेगळे, पण इंजिनखोलीत उतरल्यावर गरम तेलाचा आणि कोळशाचा जो वास आला त्यानं माझं काम झालं. आजोळी हर्णैला आजी मुंबईहून येणाऱ्या बोटीला शेवटपर्यंत 'आगबोट' म्हणायची. मला आगबोट हवी होती.

जवळच्या मॉडेल क्लबातल्या मंडळींनी प्रामाणिकपणे सावध केलं. विजेची मोटर लावा, तीन महिन्यांत पाण्यात असाल. मी मान डोलावली आणि घरी येऊन किटबरोबर वाफेचं सगळं सामान मागवलं.

खोकं उघडलं तेव्हा नवरा म्हणाला, "यात बोट कुठाय?" फायबरग्लासचं एक पोकळ धड होतं, ११० सेंटिमीटर लांब, म्हणजे ३५ मीटरच्या खऱ्या ट्रॉलरचा बत्तिसावा हिस्सा. बाकी सगळे कापलेले प्लायवूडचे तुकडे, पितळी सळया, पांढऱ्या धातूच्या ओतीव वस्तूंच्या पुड्या आणि तीन मोठे नकाशे. विंचची एक बाजू दोनदा आली होती आणि दुसरी आलीच नव्हती. ती मिळवायला सात आठवडे आणि अकरा ईमेल लागले. सूचनांच्या पुस्तिकेत डेकवरच्या बादल्या कशा टांगायच्या यावर अर्धं पान होतं. इंजिनाबद्दल एकच वाक्य: 'आता आपल्या पसंतीचं इंजिन बसवून घ्या.' पाककृतीत 'आता पुरणपोळ्या लाटून घ्या' लिहावं तसं.

धडाचं काम मी भराभर सांगते, कारण ते बहुतेक घासणंच होतं. फायबरग्लासला आतून खरखरीत केल्याशिवाय इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं रसायन, धरत नाही, म्हणून घासायचं. बाहेरून गुळगुळीत केल्याशिवाय रंग बसत नाही, म्हणून घासायचं. दोन्हीकडची धूळ वाईट, मास्क लावून घासायचं; तीस वर्षं मास्क लावलेल्या बाईला त्याचं काही वाटलं नाही. खरी फजिती झाली ती बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याची नळी बसवताना. इंजिनाचा दांडा आणि पंख्याचा दांडा एका रेषेत यायला हवेत. अनुभवी लोक दोन्हींना एका ताठ नळीनं जोडतात, तशा अवस्थेत इपॉक्सी वाळू देतात, आणि मग ती नळी काढून लवचिक जोड लावतात. मी नजरेनं बसवलं. फिरवून बघितलं तर दर फेऱ्याला एका जागी आवळत होतं, जुनं दार लावताना एका ठिकाणी अडतं तसं. विजेच्या मोटरीनं ते रेटून नेलं असतं. छोट्या वाफेच्या इंजिनात तेवढा दम नसतो. सगळं कापून काढलं आणि पुन्हा बसवलं. तीन आठवडे.

आता बंब.

तांब्याचा बॉयलर मी तयार घेतला. डागकाम शिकून स्वतः करावा असं दोन दिवस वाटलं होतं, पण इथे साधं कथलाचं झाळण चालत नाही. बाहेरच्या हवेहून ३ बार जास्त दाबाला (एक बार म्हणजे जवळपास हवेचाच दाब) पाणी शंभरला नव्हे, सुमारे १४४ अंशांना उकळतं. शिवाय पाणी संपलं आणि ज्योत चालू राहिली तर तांबं कुठल्या कुठं तापतं. कथील वितळून सांधा सुटेल. त्यामुळे चांदीमिश्रित झाळण वापरतात, ते सहाशे अंशांच्या पुढे वितळतं. असं काम हात बसलेल्या माणसानंच करावं. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी ऐकलेली ठोकाठोक आठवली आणि आपण गप्प बसावं हे उमगलं.

तयार बॉयलर असला तरी तपासणी चुकत नाही. क्लबच्या तपासनिसानं तो काठोकाठ थंड पाण्यानं भरला आणि हातपंपानं दाब चढवत कामाच्या दाबाच्या दुप्पट, ६ बारपर्यंत नेला. हवेनं का नाही, असं मी विचारलं. हवा दाबली जाते, दाबलेली हवा म्हणजे ताणून धरलेली बेचकी. बॉयलर फाटला तर तुकडे उडतील. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. फाटलं तर ठिपकतं आणि दाबाचा काटा खाली येतो, बस. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो होतो. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये मॉनिटरकडे बघावं तसं मी बघत होते. तो मात्र चहा पीत होता. काटा हलला नाही, त्यानं कागदावर सही केली, मग घरी येऊन मी बॉयलरला महोगनीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पितळी कड्यांनी आवळल्या. शोभा म्हणून नव्हे फक्त. उष्णता आत राहायला हवी आणि डेक करपायला नको.

इंजिन दोन सिलिंडरांचं, डुलणाऱ्या जातीचं. यात वेगळ्या झडपा नसतात. सिलिंडरच घड्याळाच्या लंबकासारखा डुलतो, आणि डुलताना त्याचं भोक कधी वाफेच्या भोकासमोर येतं, कधी बाहेर जाणाऱ्या. इतकं सोपं आणि इतकं हुशार काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा बागेतल्या शेडमध्ये वाफ दिली. काहीच झालं नाही. मग खोकल्यासारखं झालं आणि नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी तेलकट पाण्याची पिचकारी गेली. थंड धातूला लागून पहिली वाफ पाणी होते, आणि सिलिंडरात पाणी अडकलं की दट्ट्या पुढे जाऊ शकत नाही. या जातीत सिलिंडर स्प्रिंगनं दाबून धरलेला असतो, तो जरासा उचलला जाऊन पाणी थुंकून टाकतो, म्हणून काही मोडलं नाही. पंखा बोटानं मागेपुढे फिरवत राहिले. थुंकणं कमी होत गेलं, आणि अचानक ते चालायला लागलं. आवाज? शिवणयंत्राचा, पण दुसऱ्या खोलीतल्या.

मला सगळ्यांत आवडलेला भाग म्हणजे तेल घालणारी डबी. वाफेच्या नळीला लागून पितळेची अंगठ्याएवढी डबी असते, तिच्यात घट्ट तेल भरायचं. बारीक भोकातून थोडी वाफ आत शिरते, थंड होऊन पाणी होते, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाशी जातं, आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन वाफेबरोबर इंजिनात जातं. थेंब थेंब. ना पंप, ना बॅटरी. ड्रिपचे थेंब मोजण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे पाहून काय वाटलं असेल! प्रत्येक फेरीनंतर डबीतलं पाणी काढून पुन्हा तेल भरायचं, हे मात्र विसरायचं नाही. मी एकदा विसरले. इंजिन किंचाळलं.

लहान करताना काय लहान होतं आणि काय होत नाही, हे मला या कामात नव्यानं कळलं. लांबी बत्तीस पट कमी झाली की वजन बत्तीसच्या घनानं कमी होतं, म्हणजे ३२,७६८ पटीनं. खरी बोट ४०० टनांची धरली तर माझी १२ किलोंच्या आसपास. वेग वर्गमुळानं उतरतो: १० नॉटची (ताशी १० सागरी मैल) बोट मॉडेलमध्ये पावणेदोन नॉटनं गेली की पाण्यावरच्या लाटा खऱ्या दिसतात, म्हणजे तळ्याच्या काठानं रमतगमत चालण्याचा वेग. वाफेला यातलं काही ठाऊक नसतं. पाणी तितक्याच अंशाला उकळतं, ज्योत तितकीच गरम, आणि छोट्या सिलिंडरचा पृष्ठभाग आतल्या वाफेच्या मानानं मोठा असल्यामुळे उष्णता वाटेतच गळते.

१२ किलोंचं गणित न्हाणीघरात सोडवलं. टब भरला, बोट सोडली, बॉयलरमध्ये पाणी घातलं, टाकीत गॅस भरला, म्हणजे निघताना जशी असेल तशी. ती डाव्या कुशीवर आडवी झाली, झोपेत कूस बदलावी इतक्या सहज. बॉयलर उभा, त्याचं वजन वर. तळाला शिसं भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. छपराच्या जुन्या शिशाचे तुकडे एकेक करून तळाशी ठेवत गेले, आणि दरवेळी बोट एका बाजूला दाबून सोडायची. झटकन सरळ झाली तर बरी. सावकाश, आळसावल्यासारखी डुलत परतली तर धोका, ती बोट उलटण्याच्या बेतात असते.

शेजारचे आजोबा पंधराव्या वर्षी ट्रॉलरवर गेलेले, पुढे बॉयलरपाशी काम केलेले. टब दाखवायला मी त्यांना वर बोलावलं. ते दारातच थांबले. १९६८च्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन-चार आठवड्यांत हलचे तीन ट्रॉलर बुडाले, सेंट रोमॅनस, किंग्स्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलँड. ५८ माणसं गेली. रॉस क्लीव्हलँड आइसलँडच्या खाडीत, वादळात, दोरखंडांवर आणि डोलकाठ्यांवर बर्फ साचून माथाजड होऊन आडवी झाली. एकच माणूस वाचला. त्यानंतर हलच्या कोळणी, लिलियन बिलोका त्यांच्या पुढे, डोक्याला रुमाल बांधून थेट लंडनला मंत्र्यांच्या दारात गेल्या, प्रत्येक बोटीवर रेडिओवाला हवा म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं, वाचलेलं होतं. आजोबांनी यातलं काही म्हटलं नाही. त्यांनी हात पाण्यात घालून बोट कलती केली, सोडली, परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं, आणि म्हणाले, "अजून दोन तुकडे." मी तीन ठेवले.

डेकवरच्या कामात त्यांनी मला छळलं. जाळ्याची दारं, म्हणजे ओढताना जाळ्याचं तोंड फाकवून धरणाऱ्या लाकडी फळ्या, मी व्हार्निश लावून चकाचक केल्या होत्या. "समुद्राचा तळ घासणाऱ्या फळीला व्हार्निश कोण लावतं?" जाळं मी कांद्याच्या पिशवीचं केलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "खालचं कातडं कुठाय?" जाळ्याच्या शेपटीला, जिथे मासे गोळा होतात, खालून गाईची कातडी बांधायचे, तळाच्या दगडांवर घासून जाळं फाटू नये म्हणून. जुन्या पर्सचा तुकडा कामी आला. गंज रंगवायला मात्र मी शेवटपर्यंत तयार नव्हते. चार महिने घासून आणलेल्या रंगावर आपल्या हातानं गंज काढायचा? एका दुपारी ते स्वतः तपकिरी रंग घेऊन आले आणि ज्या भोकांतून डेकवरचं पाणी बाहेर पडतं तिथून खाली एकेक ओघळ ओढून गेले. मान्य करते, त्या दिवशी ती बोट झाली.

पहिली फेरी नोव्हेंबरात. बाहेर ५ अंश. गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीच्या पोटात पाण्यासारखा साचतो, त्यामुळे झाकणं उघडून, आत फुंकर मारून, मगच ज्योत लावायची. माझ्या गुरूंच्या काळात ऑपरेशन थिएटरात भुलीसाठी ईथर असायचा, त्याच्या स्फोटांच्या गोष्टी ऐकत मी वाढले; या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. नळकांड्यात 'भप्प' झालं, मग गुरगुर. आठएक मिनिटांत काटा सरकू लागला. सुरक्षा-झडप फुसफुसली. हातातल्या रेडिओ-रिमोटची कांडी पुढे केली, बोट काठापासून सुटली आणि धुराड्यातून पांढरी वाफ सोडत निघाली. आवाज जवळजवळ नाहीच. बदकंसुद्धा हलली नाहीत.

बारा मिनिटांनी तळ्याच्या मध्यावर वाफ मंदावली. मग पंखा. मग सगळंच.

कारण मला त्याच क्षणी कळलं आणि मान खाली गेली. द्रव उडून वायू होताना उष्णता खातो, आणि उरलेला द्रव गार पडत जातो. भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या यंत्राला, व्हेपोरायझरला, म्हणूनच तापमान सांभाळण्याची सोय असते. हे मी कनिष्ठांना फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. माझ्या टाकीतला गॅस ब्यूटेन, तो उकळतो शून्याच्या अर्धा अंश खाली. ५ अंशांच्या दिवशी त्याला आधीच जीव नाही, त्यात टाकी स्वतःच गारठते, आणि मी ती बॉयलरपासून शक्य तितकी लांब, बोटीच्या पुढच्या टोकाशी, नाळेत नेऊन ठेवली होती, सुरक्षित म्हणून. टाकीत निम्मा गॅस होता. बाहेरून हात लावला असता तर दव लागलं असतं.

क्लबातल्या एकानं काही न बोलता पिशवीतून गळाची दोरी बांधलेला टेनिसचा चेंडू काढला, बोटीच्या पलीकडे फेकला आणि हळूहळू ओढत बोट काठाला आणली. हे उपकरण त्याच्या पिशवीत कायमच असतं, यावरून काय ते समजावं.

टाकी मी मागे आणली. वापरून झालेली वाफ धुराड्यात जाण्याआधी एका डब्यातून जाते, तिथे तेल आणि पाणी वेगळं होऊन तळ्यात तवंग जात नाही. तो डबा हाताला सोसेल एवढा कोमट असतो. टाकी त्याच्याशेजारी ठेवली. हिवाळ्यापुरतं प्रोपेन जास्त असलेलं मिश्रण घेतलं, माझ्या टाकीला चालतं याची खात्री करून; प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो. दुसऱ्या खेपेला बोट पस्तीस मिनिटं चालली आणि बॉयलरमधलं पाणी कमी झाल्यावर मीच तिला काठाला बोलावलं. आजोबा बाकावर बसून होते. त्यांनी एवढंच विचारलं, "राख कोण टाकणार?"

वाऱ्यानं बोटं बधिरली होती आणि तेलानं काळी झाली होती. काटा शून्यावर येईपर्यंत थांबले, मग बॉयलरच्या तळाची तोटी उघडली. कपभर पाणी उरलं होतं, कढत. तळ्याचं गार पाणी मिसळून त्यात हात धुतले, आणि तसेच ओले हात कॅमेऱ्यासमोर धरून बहिणीला फोन लावला.

"आंघोळ नाही, पण हात धुण्यापुरतं तापतं," मी म्हणाले.

"जळण कोण घालतं?"

"मीच."

"मग पूर्वीसारखंच," ती म्हणाली.